कोकणातल्या बागायत कंपन्या आणि शेजारची गावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आंबा, काजू, नारळ, रबर, अननस यांच्या मोठ्या लागवडी उभ्या राहिल्या आहेत. त्यांचे व्यवस्थापक, शेजारच्या वाड्यांतली माणसे, सरपंच आणि मुंबईत राहणारे जमीनमालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण भांडणे नेमकी तिथेच होतात.

आम्ही जमीन रीतसर विकत घेतली, मुद्रांक शुल्क भरलं, फेरफारही झाला. आता गावाला काय विचारायचं?

वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनी, आणि सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारे, कोकणात कधीच फक्त मालकाच्या वापराचे नव्हते. मालक मुंबईला, जमीन पडीक, आणि तिच्यावरून शाळेची वाट, गुरांची वाट, विहिरीवर उतरणारी पाखाडी (दगडी पायवाट), स्मशानाकडे जाणारी वाट. दिवाळीनंतर गवत कापायला एक वाडी येते, माघ-फाल्गुनात भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी रोपाची जागा भाजायला, पातेरा (सुका पालापाचोळा) न्यायला दुसरी. यातले बहुतेक काही सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढलेच नाही. देणारा आणि घेणारा एकाच गावचा असल्यामुळे कागदाची गरज कोणाला वाटली नाही. कंपनी येते ती कागद बघून. कागदावर काही नाही म्हणून चारी बाजूंनी तार ओढते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाणाऱ्या पोरांना डोंगराला वळसा घालावा लागतो.

त्यात या पट्ट्याला खोतीची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या सत्तेची, आठवण आहे. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची जमीन कसायला नकार दिला होता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि १९४९च्या कायद्याने ती संपली. आज सत्तरीत असलेल्या माणसाने आजोबांकडून हे सगळे ऐकलेले असते. शेकडो एकरांचा एकच धनी, त्याचा मुकादम आणि बंद फाटक हे चित्र त्याला नवे नाही, आणि ते पाहून त्याच्या मनात जे येते ते तुमच्या कंपनीविषयीच्या रागातून आलेले नसते.

कायद्याचे म्हणाल, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे खाजगी जमीन घेताना ग्रामसभेची संमती बंधनकारक नाही. पण लागवड सुरू होण्याआधी, पूर्ण माहिती देऊन, दडपण न आणता संमती घ्यावी हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्कांविषयीच्या २००७च्या जाहीरनाम्यात आहे. फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल किंवा पामतेलासाठीची आरएसपीओ यांसारखी प्रमाणपत्रे स्थानिक समाजाच्या वहिवाटीच्या हक्कांसाठीही तेच मागतात. जे परदेशी ग्राहकासाठी करता येते, ते शेजाऱ्यासाठी आधी करावे.

कागदावर नसलेले हक्क शोधायचे कसे?

चालून. कुंपणाचा एकही खांब रोवण्याआधी हद्दीवरून आणि हद्दीच्या आत पायी फिरा, आणि बरोबर कोणाला घेता याला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. सरपंच आणि तलाठी हवेतच, पण त्यांच्यावर थांबू नका. गुरे राखणारा धनगर, पाण्याला आणि लाकडाफाट्याला जाणाऱ्या बायका, देवस्थानचे मानकरी, शेजारच्या बागेचा जुना गडी यांना वाटा माहीत असतात. बौद्धवाडी किंवा कातकरवाडी जवळ असेल तर तिथल्या माणसांना वेगळे भेटा. गावाच्या बैठकीत ती बोलतीलच असे नाही, आणि बऱ्याचदा त्यांचीच वाट सगळ्यात आधी बंद होते.

दोन ऋतूंत फिरा. एप्रिलमध्ये कोरडी दिसणारी घळ जुलैत व्हाळ (ओढा) होऊन वाहते आणि खालच्या मळ्याला पाणी देते. श्रावणात ओसाड वाटणारा माळ मे महिन्यात करवंदे, जांभळे आणि रातांबे वेचणाऱ्या पोरीबाळींनी भरलेला असतो. आंब्याच्या हंगामात घाईघाईने पाहणी उरकली तर यातले अर्धे हाती लागणार नाही.

जे सापडेल ते गट नंबरच्या नकाशावर उतरवा: वाटा, पाणवठे, देवाची ठिकाणे, चराईच्या जागा, जुनी घरठाणे, थडगी. हा नकाशा ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवा, सुधारणा घ्या आणि ग्रामपंचायतीत एक प्रत ठेवा. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, त्यामुळे मुहूर्त मिळाला नाही ही सबब चालत नाही. मग वाट सोडली आहे असे तोंडी सांगण्यापेक्षा ती नोंदवून द्या. व्यवस्थापक बदलतात, आणि नव्या माणसाला जुन्याचा शब्द ठाऊक नसतो.

सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत. त्यातल्या तिघांनी आपला हिस्सा विकला तर आम्ही कुंपण घालू शकतो का?

सामाईक जमिनीतला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण वाटप होईपर्यंत कोणता तुकडा कोणाचा हे ठरलेले नसते. असे असताना हवी ती बाजू तारेने घेरली की सहहिस्सेदारांची वर्षानुवर्षांची भांडणे सुरू होतात. त्यात गावात राहून ती जमीन सांभाळणारा माणूस चाळीसांतला एकच असतो, आणि चाकरमान्याने परस्पर केलेल्या व्यवहाराची बातमी त्याला जेसीबी आल्यावर कळते. आधी वाटप, मोजणी आणि हद्दीच्या खुणा होऊ द्या, आणि जो कसतो आहे त्याच्याशी सगळ्यात आधी बोला, मग सातबाऱ्यावर त्याचे नाव सदतिसावे असले तरी.

चाकरमान्यांनाही सांगायचे आहे. दलाल फोनवर भाव सांगतो तेव्हा गावातल्या चुलत्याला एक फोन करा. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक ताब्यातल्या, जमिनींचा प्रश्न किती वर्षे लोंबकळला हे सिंधुदुर्गात सर्वांना ठाऊक आहे. कोकणातला जमिनीचा गुंता पैसे मोजल्याने सुटत नाही.

कंपनीला शेतजमीन घेता येते तरी का?

१९४८च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे. यामुळे पुष्कळ ठिकाणी जमीन व्यक्तींच्या नावावर आणि कारभार कंपनीचा अशी मांडणी दिसते. अशा वेळी गावकऱ्यांना नेमके कोणाशी बोलायचे हे समजत नाही. मालक कोण, कारभार कोणाचा, निर्णय कोण घेतो हे फाटकावरच्या फलकावर मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे.

आमची वहिवाटीची वाट कंपनीने बंद केली. काय करावं?

वेळ घालवू नका. १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. याच कलमात शेतीच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला केलेला अडथळाही येतो. शेताला जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, त्यात बांधावरून रस्ता मागता येतो. आणि वीस वर्षे उघडपणे, हक्काने, अडथळ्याविना वापरलेल्या वाटेला १८८२चा सुविधाधिकार कायदा संरक्षण देतो. वाटेचे फोटो, जुने गाव नकाशे, शेजाऱ्यांचे जबाब आणि ग्रामपंचायतीचा पंचनामा आधी गोळा करा. तार तोडू नका. तार तोडली की भांडण वाटेचे राहत नाही, नुकसानीचे होते, आणि पोलीस ठाण्याच्या चकरा गावकऱ्यांच्याच नशिबी येतात.

सडा तर नुसता कातळ आहे. तिथे लागवड केली तर कोणाचं काय बिघडतं?

कातळात सुरुंग लावून किंवा यंत्राने खड्डे फोडून, बाहेरची माती भरून कलमे लावण्याची पद्धत आता रुळली आहे, आणि अशा बागांतला हापूस उत्तम येतो हेही खरे. पण सडा रिकामा नसतो. पावसाळ्यात तिथली तळी आणि फटी पाणी धरून ठेवतात, आणि उतारावरच्या झऱ्यांना तेच पाणी पुरते. पावसाळाभर गुरे तिथे चरतात. धनगरवाड्या सड्याच्या कडेला आहेत त्या याचसाठी.

आणि कातळशिल्पे. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथली शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली गेली. कशेळीचा कोरलेला हत्ती पाहिला की ती कोरणारी माणसे काय ताकदीची होती ते कळते. अशी कितीतरी शिल्पे अजून मातीच्या थराखाली किंवा गवतात आहेत आणि गावातली माणसे त्यांना पांडवांची चित्रे म्हणून ओळखतात. त्यांना विचारल्याशिवाय कातळावर यंत्र चढवू नका. एकदा यंत्राचे दात लागले की शिल्प परत मिळत नाही.

पाण्यावरून भांडण होऊ नये म्हणून काय करावं?

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. जांभा दगड पाणी पटकन पिऊन तितक्याच पटकन सोडून देतो, आणि समुद्र जवळ. त्यामुळे इथे पाण्याचा प्रश्न जानेवारी ते मे या महिन्यांचा आहे, आणि नव्या बागेला सगळ्यात जास्त पाणी लागते तेही याच महिन्यांत.

पहिले पीक कोणते हे बघा. वाढलेल्या हापूसला सहसा पाणी द्यावे लागत नाही, कलमे लहान असताना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळा निभावावा लागतो. सुपारी, केळी, नारळ यांचे तसे नाही, त्यांना दरवर्षी लागणार. वरच्या अंगाला सुपारी लावून व्हाळावर पंप बसवला तर खालच्या वाडीची वायंगण (उन्हाळी भाताची) शेती आणि कुळीथ-चवळीचे मळे सुकतात.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घ्यायला भूजल कायद्याने परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी थांबा आणि वाडीच्या विहिरीची मे महिन्यातली पातळी आधी दोन उन्हाळे मोजून ठेवा. नंतर पाणी आटले आणि दोष तुमच्यावर आला, तर बोलायला दोन्ही बाजूंकडे आकडे असतील. आकडे तुमच्या विरुद्ध गेले तर पंप बंद करायची तयारी हवी. ही तयारी आधी लिहून दिली असेल, तर गाव मोजणीवर विश्वास ठेवते.

पावसाचे पाणी अडवायचे काम मात्र दोघांच्याही फायद्याचे. नोव्हेंबरात गाव मिळून व्हाळावर पोत्यांचे कच्चे बंधारे घालते, तेव्हा कंपनीचे चार गडी आणि ट्रॅक्टर पाठवा. बागेच्या आतले शेततळे भरायला मात्र पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी घ्या, डिसेंबरातला व्हाळ उपसू नका.

फवारणीबद्दल गावकरी इतके का चिडतात? औषधं तर सगळेच बागायतदार मारतात.

मारतात, आणि लहान बागायतदारांनाही हे उत्तर लागू आहे. फरक प्रमाणाचा. दहा कलमांचा मालक सकाळी दोन तास फवारतो आणि शेजारणीला हाक मारून कपडे आत घ्यायला सांगतो. दोनशे एकरांच्या बागेत पंप दिवसच्या दिवस चालू असतात, आणि सांगणारे कोणी नसते.

हापूसचे वेळापत्रक सर्वांना माहीत आहे. पालवीपासून, मोहोर फुटण्याआधीपासून ते फळ धरून मोठे होईपर्यंत तुडतुडे, भुरी, फुलकिडे यांच्यासाठी ठराविक अंतराने फवारण्या. ढगाळ हवा राहिली की त्या वाढतात. हेच दिवस वाडीत अंगणात मिरच्या, सुकी मासळी, कुळीथ वाळत घालायचे आणि पोरांनी बाहेर खेळायचे. समुद्रावरून वारा सुटला की औषध हद्द मानत नाही.

या बाबतीत कासरगोडची गोष्ट कोकणातल्या प्रत्येक व्यवस्थापकाला माहीत असली पाहिजे. केरळच्या उत्तर टोकाचा हा जिल्हा आपल्यासारखाच, जांभ्या दगडाच्या टेकड्यांचा. तिथल्या प्लांटेशन कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या काजू मळ्यांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत ढेकण्या किडीसाठी हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. टेकड्यांच्या कुशीतल्या गावांत जन्मजात व्यंगे आणि मेंदूचे आजार मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. माणसे किती वर्षे ओरडत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचे आदेश राज्य सरकारला दिले. फवारणी सुरू करणाऱ्यांना कोणाचे वाईट करायचे नव्हते. खाली कोण राहते, कुठले पाणी पिते हे कोणी विचारले नाही, एवढेच घडले, आणि तेवढे पुरले.

आपल्याकडे काय करता येईल? फवारणीच्या आदल्या दिवशी वाडीला कळवा. व्हॉट्सॲपवर टाका, पण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारात माणूस पाठवा. औषधाचे नाव आणि डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग सांगा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरे, विहीर, शाळा आणि अंगणवाडीच्या बाजूला फवारणीविना रुंद पट्टा सोडा आणि तिथे फणस, कोकम, काजू असे काही लावा. शाळा सुटायच्या वेळी पंप बंद. वारा वाढला की पंप बंद. पंप व्हाळात धुणे आणि रिकामे डबे पऱ्यात टाकणे यासाठी मुकादमाला जबाबदार धरा. खालच्या डोहातले मासे एकदा मेले की गाव ते विसरत नाही, आणि त्याने विसरू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना हंगामापूर्वी औषधांची यादी देऊन ठेवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही.

ड्रोनने फवारणी करणार असाल तर वरचे सगळे दुपटीने पाळा.

देवराई आमच्या गटात येते. ती तोडली नाही तरी आत लागवड केली तर?

नको. देवराईत पडलेला पातेरा उचलायलाही कौल घ्यावा लागतो अशी गावे सिंधुदुर्गात आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्या जैवविविधतेचा ठेवा असल्याचे दाखवले. गावाला ते आधीपासून देवाच्या धाकाने माहीत होते. देवराईभोवती मोकळी जागा सोडा, तिच्यातला झरा अडवू नका, आणि जत्रेला वाट खुली ठेवा.

शिमग्यात पालखी घरोघर फिरते. तिचा मार्ग बागेतून जात असेल तर त्या दिवशी फाटक सताड उघडे असावे आणि व्यवस्थापकाने स्वतः नारळ घेऊन उभे राहावे. मालवण तालुक्यात आचऱ्यासारख्या गावांत काही वर्षांनी गावपळण होते, माणसे गुराढोरांसह वेशीबाहेर राहतात. अशा वेळी तुमच्या गड्यांनाही तीन दिवस बाहेर काढा आणि त्यांची हजेरी लावा. हंगामातले तीन दिवस गेले तरी हरकत नाही.

स्थानिकांना काम द्यायची इच्छा आहे, पण ते येतच नाहीत.

हे निम्मे खरे आहे. तरुण पोरगा मुंबईला किंवा गोव्याला जातो, कारण बागेचे काम चार महिन्यांचे आणि मजुरी दिवसाची. पण अनेक कंपन्या स्थानिकांना फक्त बेणणी (तण काढणे) आणि ओझी वाहण्याचे काम देतात. कलमे बांधणे, छाटणी, वर्गवारी, पॅकिंग, हिशेब, ट्रॅक्टर ही कामे बाहेरची माणसे करतात. पोरगा कशाला थांबेल?

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र इथे कोय कलम, मृदुकाष्ठ कलम यांचे ज्ञान आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच. गावातल्या दहा मुलामुलींना तिथे प्रशिक्षणाला पाठवा, खर्च कंपनीने करावा, आणि परत आल्यावर बारमाही काम द्या. रोपे बाहेरून आणण्यापेक्षा महिला बचत गटाला दोन वर्षे आधी मागणी द्या, म्हणजे त्या रोपवाटिका उभी करू शकतील. काजूची बी काढून घेतल्यावर बोंडू कुजत पडतो. तो नेऊ द्या. खाली पडलेले रातांबे, वाळली लाकडे, रानभाज्या यांना फाटकावर अडवू नका. तुमच्या ताळेबंदात याची किंमत शून्य आहे, वाडीतल्या घरात नाही.

एक गोष्ट कायद्यातून सुटलेली आहे. १९५१चा मळे कामगार कायदा चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलची यांच्या मळ्यांसाठी झाला आणि घर, पाणी, दवाखाना, पाळणाघर या गोष्टी मालकावर आल्या. आंबा-काजूची बाग त्या यादीत नव्हती. म्हणून पन्नास बायका दिवसभर काम करतात आणि बागेत एक संडास नसतो. यासाठी कायद्याची वाट बघायला लागू नये. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचे एकच पैसे, दर आठवड्याला, हातात पावती देऊन. शिवाय फुरसे किंवा घोणस चावली तर तासाभरात दवाखान्यात पोहोचवील अशी गाडी हंगामभर बागेत उभी हवी.

बागेतले नेपाळी राखणदार गावचे नाहीत. त्यांचा विचार "स्थानिक समाजा"त कसा करायचा?

रत्नागिरीच्या आंबा बागा राखायला दरवर्षी नेपाळातून माणसे येतात, बायकापोरांसह मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतात, रात्री बॅटऱ्या घेऊन माकडे आणि चोर हाकलतात. रबराच्या बागांत चीक काढायला केरळचे कामगार असतात. तेही तिथे राहतात, तिथलेच पाणी पितात, फवारणीच्या सगळ्यात जवळ तेच असतात. मांगराला पक्के छप्पर, वीज, संडास द्या. मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे कागदपत्रे नाहीत म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. गावकऱ्यांचीही इथे जबाबदारी आहे. मजुरीवरून कंपनीशी वाद असेल तर तो कंपनीशी घाला, राखणदाराच्या पोराला दुकानात उधारी नाकारून नव्हे.

शाळेला रंग दिला, मंदिराला देणगी दिली, क्रिकेटच्या स्पर्धेला चषक दिले. तरी गाव नाराज का?

कारण वाट बंद आहे. देणगी आणि हक्क यांची वजाबाकी होत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कंपनीने आधी घेतलेले परत करावे, होणारा त्रास थांबवावा, आणि मग काही द्यायचे असेल तर जरूर द्यावे. क्रम उलटा झाला की दिलेली प्रत्येक गोष्ट तोंड बंद ठेवण्याचा मोबदला वाटू लागते, आणि गावातही दोन तट पडतात.

२०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ पुढे करून "आम्हाला सीएसआर, म्हणजे सामाजिक कामावरचा सक्तीचा खर्च, लागू नाही" असेही सांगितले जाते. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एकही नसेल तर दोन टक्क्यांची सक्ती नाही, हे बरोबर. पण विहीर आटवली तर ती भरून देणे सीएसआरमध्ये येतच नाही. ती नुकसानभरपाई आहे.

काय द्यावे हे गावाला ठरवू द्या. एखाद्या वाडीला सभागृहापेक्षा आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाणारी गाडी जास्त उपयोगी पडते.

माकडं, गवे, रानडुकरं आणि वणवे यांबाबत कंपनीची जबाबदारी काय?

मोठी बाग सौर कुंपणाने बंद झाली की गवे आणि डुकरे शेजारच्या भातात उतरतात. कुंपण आखताना प्राण्यांची जुनी वाट सोडा आणि लगतच्या लहान शेतकऱ्यांची शेते शक्य तिथे त्याच कुंपणात घ्या. तिलारी खोऱ्यात हत्तीही येतात, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय काहीच उभारू नका. थेट विजेचा प्रवाह सोडणे गुन्हा आहे, त्याने माणसेही मरतात.

वणव्यासाठी डिसेंबरातच हद्दीवर जाळरेषा काढा, दोन्ही बाजूंना. तुमचा पंप आणि टाकी गावाच्या हाकेला यायला हवी.

दोडामार्गात रबर लावणं चुकीचं आहे का?

पडीक किंवा आधीच मोकळ्या जमिनीवर रबर लावणे आणि जंगल तोडून रबर लावणे यांत मोठा फरक आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा वाघांचा संचारमार्ग. मुंबई उच्च न्यायालयाने तिथे २०१३ साली वृक्षतोडीवर बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये तिथली २५ गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याबाबत निर्देश दिले. वरून हिरवे दिसले तरी रबराच्या बागेत गुरांना चारा नाही, बाईला रानभाजी नाही, मधमाशीला वर्षभराची फुले नाहीत. चीक गोठवताना आम्ल वापरतात, शीट धुतलेले ते पाणी खड्ड्यात जिरवून निवळल्याशिवाय व्हाळाला लागता कामा नये.

माझे मत विचाराल तर ज्या उतारावर आज ऐन, किंजळ, कुंभा उभे आहेत तिथे कुठलीही लागवड नको.

सरपंचांची सही आहे. तेवढं पुरे ना?

नाही. सरपंच बदलतात, आणि एका माणसाच्या सहीवर सगळा भार टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. ठराव ग्रामसभेचा हवा, महिलासभेत आधी चर्चा झालेली हवी, आणि ज्या वाडीला झळ बसणार तिथे बसून झालेली बैठक हवी. "नको" हे उत्तर मिळाले तर ते घेऊन परत जाता आले पाहिजे.

तक्रार कुठे करायची?

फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे नक्कीच नाही. निर्णय घेऊ शकेल असा एक माणूस आठवड्यातला ठरलेला दिवस ग्रामपंचायतीत बसावा. तोंडी तक्रारही नोंदवहीत लिहून घ्यावी, मालवणीत सांगितली तर मालवणीतच. पंधरा दिवसांत लेखी उत्तर. नोंदवही कोणालाही बघता यावी. तक्रार केली म्हणून कोणाची हजेरी कापली जाणार नाही हे जाहीर करा आणि पाळा. व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची संयुक्त राष्ट्रांची २०११ची मार्गदर्शक तत्त्वेही अशीच यंत्रणा सांगतात, पण गावाला तत्त्वांपेक्षा दर सोमवारी येणारा माणूस दिसला पाहिजे.

कंपनी गेली किंवा करार संपला तर मागे काय राहतं?

हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा. १९९०च्या दशकात सागवान लागवडीच्या नावावर शहरातल्या लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या योजनांचे पेव फुटले होते. सेबीने १९९९ साली सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणले, योजना कोसळल्या, आणि पैसे अडकले.

कराराने बाग देणाऱ्या मालकांनी कल्टारचा हिशेब मागावा. मोहोर लवकर यावा म्हणून ते मुळाशी घालतात, आणि दरवर्षी जास्त मात्रा दिली तर करार संपेपर्यंत कलम थकलेले असते. कोणत्या झाडाला, कधी, किती घातले याची नोंद दरवर्षी मालकाला मिळावी. अननसाखालचे प्लास्टिक, ठिबकच्या नळ्या, औषधांचे साठे कोण उचलणार, बोअर कोणाच्या ताब्यात जाणार, राखणदारांचे शेवटचे पैसे कोण देणार, सोडलेली वाट नव्या मालकावर बंधनकारक राहील का, हे करारात लिहा, आणि सफाईसाठी अनामत रक्कम पहिल्याच वर्षी वेगळी काढून ठेवा.